गाडी सेल्फ घेत नाही: बॅटरी नवी, स्टार्टर दुरुस्त, तरीही नुसता ‘टक्’ आवाज

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार.

देवगड तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. माझी नऊ वर्षांची पेट्रोलवरची छोटी गाडी मांगराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. मृग लागल्यापासून ती सकाळी सुरू होईल याचा भरवसा राहिलेला नाही. सासूबाईंना दर पंधरवड्याला कणकवलीला डॉक्टरांकडे न्यावे लागते, त्यामुळे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही.

लक्षण असे आहे. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे लागतात आणि मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू येतो. किल्ली पुढे नेऊन धरली की बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि मग सगळे शांत. सेल्फ फिरतच नाही. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर कधी तो एकदम फिरतो, आणि फिरला की इंजिन लगेच पेटते. एकदा गाडी गरम झाली की दिवसभर सहसा त्रास होत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गॅरेजमध्ये दाखवले. बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. दहा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. नंतर स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, उतरवून कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश), बुश आणि सोलेनॉइड (मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) नवे घातले. त्यानंतर तीन आठवडे गाडी एका झटक्यात सुरू होत होती, आणि परवा सकाळी पुन्हा ‘टक्’. आता किल्लीमागचा इग्निशन स्विच बदलून पाहू, असे गॅरेजमधून सुचवले आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणता येईल आणि तो मला वापरता येतो. अंदाजाने आणखी एक भाग बदलण्याआधी मोजमाप करून दोष कसा पकडायचा, हे कोणी समजावून सांगेल का?

बाराचा पाना

ताई, तुम्ही लक्षण नेमके लिहिले आहे, त्यामुळे बरेच रस्ते आधीच बंद झाले आहेत. ‘गाडी सुरू होत नाही’ असे म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देतात. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा पेट्रोल, ठिणगी, सेन्सर आणि इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) यांच्याकडे पाहायचे असते. सेल्फच फिरत नाही, तेव्हा त्या कशाकडेही पाहण्यात अर्थ नसतो. तेव्हा फक्त बॅटरी, तिच्या जाड केबल, स्टार्टर, त्याला आज्ञा देणारी बारीक वायर आणि स्वतः इंजिन मोकळे आहे की नाही, एवढेच तपासायचे. तुमचे इंजिन सेल्फ फिरताच पेटते, म्हणजे पहिला गट तुमच्यापुरता मिटला.

दुसऱ्या गटात आवाज खूप काही सांगतो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर आज्ञाच स्टार्टरपर्यंत पोहोचत नसते. मग फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, क्लचखालचा स्विच पाहावा लागतो, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का तेही. ‘टकटकटकटक’ असा घाईघाईचा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असते, कारण सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. एकच ठाम ‘टक्’ येऊन पुढे काही नाही, याचा अर्थ आज्ञा पोहोचली, सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरवायला लागणारा मोठा प्रवाह मिळाला नाही किंवा मिळूनही मोटर फिरू शकली नाही. म्हणून इग्निशन स्विच बदलण्याची घाई करू नका. ‘टक्’ आवाज येतो आहे, म्हणजे तो स्विच आपले काम करतो आहे.

आता मोजमाप. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती आधी चार्ज केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. मग कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी पुन्हा मोजा. सेल्फ नीट फिरत असताना हा आकडा दहाच्या आसपास उतरतो आणि ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले, तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. हे तीनही आकडे लिहून येथे द्या, आणि सेल्फ फिरत नसतानाचा आकडा वेगळा घ्या. माझा संशय त्याच आकड्यावर आहे.

पडवी

माझ्या गाडीत असेच झाले होते आणि शेवटी क्लचच्या पायाखालचा स्विच निघाला. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशी सोय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत असते. रबरी चटई पुढे सरकून पायात अडकली तरी क्लच पूर्ण खाली जात नाही, एवढे आधी बघून घ्यावे.

बाराचा पाना

सूचना योग्य आहे, पण तो स्विच आज्ञेच्या बारीक वायरीत असतो. तो तुटला तर ‘टक्’ सुद्धा येत नाही.

वाशिष्ठीकाठ

एक महत्त्वाची गोष्ट येथेच नोंदवतो, कारण पावसाळ्यात हा धागा वाचणारे अनेक जण असतील. एकच ‘टक्’ आणि पुढे काही नाही, हेच लक्षण इंजिनात पाणी शिरल्यावरही दिसते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला तेव्हा आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का ते तर पाहू’ म्हणून ज्यांनी किल्ली फिरवली, त्यांतल्या काहींचे इंजिन तिथेच संपले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

ताई, तुमची गाडी पाण्यातून गेलेली नाही असे दिसते, पण इंजिन मोकळे फिरते का ही खात्री कोणत्याही ‘टक्’च्या तक्रारीत करून घ्यावी. सपाट जागी, किल्ली बंद ठेवून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागून थोडी ढकला. अडखळत का होईना पण ती पुढे सरकली, तर इंजिन अडकलेले नाही. पाण्याचा जरासा जरी संशय असेल, तर मात्र ढकलूही नये. आधी स्पार्क प्लग काढावेत आणि मग क्रँकच्या (पिस्टनना जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या) पुलीला पाना लावून हाताने इंजिन फिरवावे, म्हणजे आत असलेले पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येते. माझे वडील जुन्या अँबॅसडरला हँडल मारून सुरू करत. त्या हँडलमुळे इंजिन मोकळे आहे की जड, हे हाताला आधीच कळायचे. आता ती सोय राहिली नाही, म्हणून हा उपद्व्याप करावा लागतो.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. आज सकाळी साडेसहा वाजता भाच्याला किल्लीवर बसवून आकडे घेतले. रात्रभर पाऊस होता.

उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट. पहिल्या चार प्रयत्नांत नुसता ‘टक्’ आला, आणि चारही वेळा बॅटरीच्या खुंट्यांवर ११.५ च्या खाली आकडा गेला नाही. पाचव्या वेळी सेल्फ फिरला, तेव्हा तो १०.२ पर्यंत उतरला आणि इंजिन लगेच पेटले. इंजिन चालू असताना १४.१. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी हेडलाइटही लावून पाहिले. ‘टक्’ झाल्यावर दिवे किंचित मंद झाले, पण विझू लागल्यासारखे झाले नाहीत. संध्याकाळी वरच्या गिअरमध्ये ढकलून पाहिली, इंजिन फिरते.

मला वाटले होते की सेल्फ फिरत नाही तेव्हा बॅटरी जास्त खचत असेल. येथे उलटे दिसते आहे.

बाराचा पाना

उलटे नाही, तेच उत्तर आहे. सेल्फ फिरला तेव्हा बॅटरीतून मोठा प्रवाह गेला म्हणून तिचे व्होल्टेज १०.२ पर्यंत उतरले. फिरला नाही तेव्हा ते ११.५ वरच राहिले, म्हणजे बॅटरीकडे द्यायला होते पण वाटेत कोणीतरी अडवले. बॅटरी निर्दोष आहे. दोष स्टार्टरच्या आत असेल किंवा बॅटरी ते स्टार्टर या जाड वाटेवर, आणि ही वाट दुहेरी असते हे बहुतेक जण विसरतात. लाल केबलने प्रवाह स्टार्टरला जातो. परत येताना तो स्टार्टरच्या कवचातून इंजिनाच्या धातूत, तिथून अर्थिंगच्या पट्टीने बॉडीत किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ती पट्टी नसेल तर इंजिन विजेच्या दृष्टीने हवेत लोंबकळते.

उद्या दोन मापे घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी कांडी बॅटरीच्या ऋण खुंटीवर, म्हणजे क्लँपवर नव्हे तर मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, आणि लाल कांडी इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. भाच्याला किल्ली फिरवू द्या. ही वाट चांगली असेल तर ०.२ व्होल्टच्या आत आकडा येतो. नंतर हेच माप धन बाजूला घ्या, बॅटरीची धन खुंटी आणि स्टार्टरवरचा जाड केबलचा बोल्ट यांच्यामध्ये. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. ज्या बाजूला आकडा मोठा, त्या बाजूला चोर. माप घेताना गिअर न्यूट्रलमध्ये असावा, हँडब्रेक ओढलेला असावा आणि बाह्या, ओढणी, केस पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ येऊ देऊ नका, कारण या वेळी इंजिन खरेच सुरू होऊ शकते.

तांडेल

धाग्याच्या मथळ्यावरूनच मला जे वाटले होते ते आता लिहितो. आमच्या दोन यांत्रिक होड्या आहेत आणि हर्णै बंदरात त्यांच्या इंजिनांची कामे मी बरीच वर्षे पाहतो आहे. खाऱ्या हवेत सेल्फ बंद पडला तर आम्ही आधी अर्थिंग बघतो आणि मग बाकीचे.

कारण सांगतो. अर्थिंगची पट्टी तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली असते आणि तिचे एक टोक गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनिअमच्या कवचावर बोल्टने आवळलेले असते. तांबे आणि ॲल्युमिनिअम असे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, की तिथे एक छोटा विद्युतघटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनिअम झिजते आणि त्याची पांढरी पूड बोल्टखाली साठते. ती पूड वीज वाहून नेत नाही. वर मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. साध्या मिठाला हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की ते स्वतःच पाणी होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याहून कमी आर्द्रता क्वचितच असते. म्हणून ती जागा चार महिने सुकतच नाही. त्यात ही पट्टी खाली, चाकाजवळ असते, आणि चाकाने उडवलेला चिखल थेट तिच्यावर बसतो.

होडीसाठी आम्ही कल्हई केलेल्या तांब्याची केबल घेतो. साध्या तांब्याची केबल वरून चांगली दिसते, पण टोकातून पाणी तारांच्या मधून आत चढत जाते आणि वरचे रबर सोलले तर हातभर आतपर्यंत तारा काळ्या-हिरव्या झालेल्या सापडतात. अशी केबल नुसती घासून उपयोग होत नाही. ती कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जावे लागते, किंवा बदलावी लागते.

ताई, एक सोपा प्रयोग आहे. जंपर केबलची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायच्या चिमटेवाल्या जाड वायरींची) एकच तार घ्या, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे इंजिनाच्या जाड, स्वच्छ धातूला लावा आणि सेल्फ मारा. गाडी फटकन सुरू झाली तर प्रश्न सुटला.

पडवी

आमच्याकडचे मिस्त्री अशा वेळी स्टार्टरवर हातोडीचा दांडा ठोकतात आणि गाडी सुरू होते. तसे करून पाहिले का?

बाराचा पाना

ठोकण्याने स्टार्टरमधले झिजून अडकलेले कार्बन हलतात आणि एखाद-दुसऱ्या वेळी मोटर फिरते. तशी फिरली तर दोष स्टार्टरच्या आत आहे एवढी खूण मिळते, दुरुस्ती होत नाही. या गाडीचे कार्बन नवे आहेत. आणि हो, काही जण पेचकसाने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारतात, ते कोणी करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते.

खाडीकाठ

सापडले.

आज सकाळी धन बाजूचे माप ०.२ आले. ऋण बाजूला, बॅटरीची खुंटी आणि इंजिन यांच्यामध्ये, ‘टक्’ होताना ५.२ व्होल्ट दिसले. भाचा किल्ली सोडायचा तेव्हा आकडा शून्यावर यायचा, पुन्हा फिरवली की ५.२. बॅटरीच्या ११.५ पैकी जवळजवळ निम्मे व्होल्ट त्या एका पट्टीवर खर्च होत होते आणि स्टार्टरला उरलेल्या सहा व्होल्टवर गार इंजिन हलवायचे होते. मग तांडेलदादांनी सांगितल्याप्रमाणे जंपर केबल ऋण खुंटीवरून इंजिनाच्या उचलण्याच्या कडीला लावली. पहिल्याच वेळी गाडी सुरू झाली. केबल काढून, गाडी गार होऊ देऊन तासाभराने पुन्हा प्रयत्न केला, ‘टक्’. केबल लावली, सुरू. तीन वेळा तसेच करून पाहिले.

दुपारी शेजारच्या गावातले वायरमन आले. गाडी उचलून, खाली लाकडी ओंडके लावून, डावे चाक काढले. गिअरबॉक्सवरच्या बोल्टभोवती चुन्याच्या भुकटीसारखी पांढरी पूड जमली होती आणि तिच्यावर जांभ्याच्या लाल चिखलाचा थर सुकून बसला होता. बोल्ट सोडवल्यावर पट्टीचे टोक हातातच आले. विणीतल्या बहुतेक तारा हिरव्या होऊन तुटलेल्या होत्या, बोटांनी चुरल्यावर त्यांची भुकटी झाली, आणि मध्ये मोजून सात-आठ तारा तांबूस उरल्या होत्या. एवढ्यांवर ही गाडी कधी कधी सुरू होत होती याचेच नवल वाटले. आणखी एक गोष्ट दिसली. क्लचची केबल जिथे बॉडीतून आत जाते, तिथे तिचे वरचे काळे प्लॅस्टिक मऊ पडून किंचित सुरकुतले होते. पट्टीतून वाट मिळेना तेव्हा प्रवाहाने क्लचच्या पोलादी केबलमधून वाट काढली आणि ती तापली, असे वायरमन म्हणाले. गेला महिनाभर क्लच जड लागत होता तो यामुळेच.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते गॅरेजमधल्या दुरुस्तीने. स्टार्टर काढून बसवल्यावर तीन आठवडे गाडी नीट चालली, म्हणून दोष स्टार्टरमध्येच होता असे सगळ्यांना वाटले. पण स्टार्टर उतरवताना ही पट्टी आड येते, म्हणून तिचा बोल्ट सैल करून पुन्हा आवळावा लागतो. त्या आवळण्याने थोडी पूड खरवडली गेली आणि तात्पुरती वाट मोकळी झाली. पहिल्यांदा बॅटरी बदलली तेव्हाही हेच झाले असावे. ऋण केबलची ओढाताण झाली, आणि नव्या बॅटरीच्या जोराने दहा दिवस निभावले. त्या दोन्ही वेळी इंजिन आणि ऋण खुंटी यांच्यामध्ये एकच माप कोणी घेतले असते, तर हा खर्च झाला नसता.

नवी पट्टी घातली, कवचाचा धातू पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. आताचे माप ०.१ आहे.

बाराचा पाना

छान काम झाले. एक गोष्ट विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून तुम्हाला आवडेल. ही पट्टी मल्टिमीटरच्या ओहमच्या मापाने तपासली असती तर ती निर्दोष वाटली असती. समजा तिचा रोध ०.०५ ओहम होता. घरगुती मल्टिमीटरच्या कांड्यांचाच रोध त्याहून जास्त असतो, म्हणून पडद्यावर ‘०.२’ दिसले की माणूस समाधानाने पुढे जातो. पण शंभर अँपिअर त्या ०.०५ मधून जाऊ पाहतात तेव्हा पाच व्होल्ट तिथेच संपतात. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. म्हणून जाड वाटेची परीक्षा भार पडलेला असतानाच घ्यायची, बंद गाडीत नव्हे. बल्ब लावून तपासणेही याच कारणाने फसवे आहे. सात तारांवर बल्ब व्यवस्थित पेटतो.

खाडीकाठ

दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना आता हेच उदाहरण घेणार आहे. तुटलेली पट्टी मी ठेवून घेतली आहे.

दाभोळ-धोपावे

माझा प्रश्न जवळचा आहे म्हणून येथेच विचारतो. गेल्या रविवारी दापोलीहून गुहागरला जाताना फेरीबोटीवर गाडी चढवली आणि इंजिन बंद केले. धोपाव्याला उतरताना सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पेटेना. मागच्या गाड्या खोळंबल्या, खलाशांनी ढकलून धक्क्यावर काढली. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली. घरी गेल्यावर सकाळी कधीच त्रास देत नाही.

बाराचा पाना

हा पहिल्या गटातला आजार आहे, ताईंच्या अगदी उलट. सेल्फ फिरतो, इंजिन गरम असतानाच पेटत नाही आणि गार झाल्यावर पेटते, तेव्हा क्रँकशाफ्टच्या जागेची खबर देणारा सेन्सर प्रथम तपासावा. त्याच्या आतली गुंडाळी तापल्यावर तुटक होते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. पुढच्या वेळी असे झाले की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहा. बऱ्याच गाड्यांत सेन्सर ठीक असेल तर काटा किंचित वर हलतो, आणि तो शून्यावरच झोपून राहिला तर संशय पक्का होतो. त्याच वेळी पेट्रोल पंपाचा गुणगुणाट येतो का आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते का, हेही बघून घ्या. किल्लीचे चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहायची. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

चाकरमानी

आमची गाडी राजापूरजवळ गावी असते आणि आम्ही मुंबईला. गणपतीला पोहोचलो की दर वर्षी बॅटरी बसलेली. हाही अर्थिंगचाच दोष असेल का?

बाराचा पाना

नाही, तो हिशोब वेगळा आहे. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक आणि कॉम्प्युटर थोडा प्रवाह ओढत असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो सामान्य मानतात. त्या हिशोबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी होते आणि महिन्याभरात संपते. शिमग्याला उभी केलेली गाडी गणपतीत सुरू होण्याची अपेक्षाच करू नये. निघताना ऋण टर्मिनल काढून ठेवा. काढताना ऋण आधी आणि लावताना ऋण शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही, म्हणून दर वर्षी हे चालले असेल तर तुमची बॅटरी आता बाद झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. आणि बॉनेट उघडाल तेव्हा वायरीही पाहा. बंद घराच्या अंगणात उभ्या गाडीत उंदीर हमखास घर करतात.

खाडीकाठ

तांडेलदादा, एक विचारायचे राहिले. नव्या पट्टीच्या बोल्टला ग्रीस कधी लावायचे? वायरमन म्हणाले की आधी लावून मग आवळा, आणि भाचा म्हणतो की ग्रीस वीज वाहून नेत नाही, तेव्हा मध्ये ते नकोच.

तांडेल

आम्ही घासून, कोरडे करून, आवळून झाल्यावर वरून लावतो, बोल्टचे डोके आणि पट्टीचे टोक पूर्ण झाकले जाईल इतके. धातू धातूला घट्ट बसला पाहिजे आणि पाणी बाहेर राहिले पाहिजे, एवढाच हेतू. व्हॅसलीनही चालते, पण चाकाजवळ ते धुऊन जाते, तेव्हा तिथे घट्ट मरीन ग्रीस घ्या. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड आली असेल तर आधी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्याने धुवा, साध्या पाण्याने पुन्हा धुवा, सुकवा आणि मग व्हॅसलीन लावा. आणि ताई, पट्टीचे दुसरे टोक बॉडीला जिथे लागते तो बोल्ट उघडून पाहिलात का? एका टोकाची ही अवस्था होती, तर दुसऱ्यानेही तोच पाऊस खाल्ला आहे.

खाडीकाठ

तो उघडला नव्हता, नुसता वरून आवळला. उद्या पहाटे सासूबाईंना घेऊन कणकवलीला निघायचे आहे, म्हणून आत्ताच विजेरी घेऊन माप घेतले. ऋण खुंटी ते बॉडी, सेल्फ मारताना, ०.३ आले. ०.२ च्या आत हवे होते. जंपर केबल डिकीत टाकून ठेवते आणि परत आल्यावर तो बोल्ट उघडून घासते. आकडा येथेच लिहीन.